काळीवर बांधलेलं घर आणि विम्याच्या कागदातले पाच अपवाद

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

विषय: पहिलं घर घेणाऱ्यांना जमीन खचणे आणि फुगणे यांपासून मिळणारं विमासंरक्षण

सप्रेम नमस्कार.

मी अकोल्यात एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आमच्या घरात स्वतःच्या नावावर घर घेणारी मी पहिली. शहराच्या कडेला, जिथे काल-परवापर्यंत ज्वारी आणि कापूस होता, तिथल्या एका एनए (बिगरशेती केलेल्या) ले-आउटमध्ये मी कर्ज काढून एक लहानसं रो-हाउस घेतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पुढच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघाला आणि वर छताकडे चढत गेला. पावसाळ्यात तो मिटला, तेव्हा मला हायसं वाटलं. पुढच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा उघडला, आधीपेक्षा रुंद. त्यात दहा रुपयांचं नाणं उभं बसत होतं. स्वयंपाकघराचा दरवाजा चौकटीत अडकू लागला, आणि मागच्या कोपऱ्यातली फरशी पोकळ वाजायला लागली.

घराचा विमा होता, म्हणून दावा केला. नुकसान तपासणारे कंपनीचे सर्व्हेअर आले, फोटो काढले, सभ्यपणे बोलले. तीन आठवड्यांनी पत्र आलं, त्यात कामाची दोनच वाक्यं होती. नवीन बांधकामाचे सामान्य तडे आणि भरावाच्या जमिनीचं बसणं पॉलिसीत समाविष्ट नाही. सबब दावा देय नाही.

मी हे पत्र त्या कंपनीला लिहीत नाही. तिने नियम मोडला असं माझं म्हणणं नाही. मी पॉलिसीचा पूर्ण मजकूर नंतर तीनदा वाचला आणि ती वाक्यं तिथे खरोखरच आहेत. हा मजकूर प्रमाणित आहे. कंपनी बदलली तरी तो बदलत नाही, कारण तो आपल्या प्राधिकरणाने ठरवून दिला आहे. म्हणून हे पत्र आपल्याला.

आमच्या भागात गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत, काळी आणि पांढरी. पीक काळीत घ्यायचं, वस्ती पांढरीवर करायची. वऱ्हाडातलं कुठलंही जुनं गाव पाहा, गावठाण थोडं उंचवट्यावर, पांढऱ्या मातीवर दिसेल आणि शेतं सभोवार काळ्या रानात. माझी आजी म्हणायची, काळी धान्य देते, भिंत देत नाही. जुन्या माणसांनी हे प्रयोगशाळेत जाऊन शोधलं नव्हतं. त्यांनी भिंती पडताना पाहिल्या होत्या. आता शहरं वाढली, पांढरी संपली आणि ले-आउट काळीत उतरले. आम्ही सगळे काळीवर राहायला गेलो आणि हे कुणीही आम्हाला कागदावर लिहून दिलं नाही.

वर्गात मी मुलांना सांगते ते इथे थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. दख्खनचा काळा खडक म्हणजे बेसॉल्ट. तो झिजून जी रेगूर माती होते तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. हे खनिज पाणी आपल्या थरांमध्ये ओढून घेतं आणि फुगतं, पाणी गेलं की आकसतं. उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शेतासाठी हे वरदान आहे, घरासाठी नाही. पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजून वर उचलते आणि घराखालची मधली माती तुलनेने कोरडी राहते. उन्हाळ्यात उलट होतं, कडा आकसतात आणि कोपरे खाली जातात. घर दरवर्षी एकदा उचललं जातं आणि एकदा सोडलं जातं. न्हाणीघराची पाइप आतून झिरपत असेल किंवा भिंतीला लागून मोठं झाड पाणी ओढत असेल, तर हे एकाच कोपऱ्यात घडतं, आणि ते जास्त वाईट.

खोल काळ्या मातीत हा ओल-कोरडीचा खेळ साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालतो असं धरून पाया खाली नेतात. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने यासाठीच अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला आणि तळाशी कांद्यासारखा फुगीर असलेला पायाचा खांब, विकसित केला आणि त्याची भारतीय मानक संहिताही आहे. म्हणजे उपाय माहीत आहे, देशातच विकसित झालेला आहे. माझ्या रो-हाउसचा पाया नंतर खणून पाहिला तो पाच फुटांवर, काळ्यातच संपला होता. मुरूम लागलाच नव्हता. एका बाजूला तर नाल्याचा जुना काठ होता, तिथे डबर आणि माती टाकून प्लॉट सारखा केलेला.

आता कागदाकडे येते.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. मला ती मनापासून चांगली वाटते, हे आधी सांगते. पूर्वीच्या आग-विम्याच्या क्लिष्ट भाषेपेक्षा ती कितीतरी सोपी आहे. विम्याची रक्कम कमी पडली म्हणून दाव्यातून प्रमाणात पैसे कापायची जुनी पद्धत तिने घरांसाठी बंद केली. भूकंप आणि पूर वेगळे मागावे लागत नाहीत. आणि घर ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन खचणे, दरड कोसळणे, खडक घसरणे हेही तिच्यात नावानिशी आहे. ३० जुलै २०१४ चं माळीण, २२ जुलै २०२१ चं तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडी, दरडीखाली गेलेल्या वस्त्यांची ही नावं मनात असलेल्या माणसाला या एका ओळीची किंमत कळते.

पण त्या ओळीच्या शेजारच्या रकान्यात पाच अपवाद आहेत. नव्या बांधकामाचे सामान्य तडे आणि बसणे. भराव घातलेल्या जमिनीचं बसणे किंवा सरकणे. समुद्राने किंवा नदीने काठ खाणे. सदोष आराखडा, सदोष काम किंवा सदोष साहित्य. आणि पाडकाम, बांधकाम, दुरुस्ती किंवा खोदकाम. मी हे माझ्या शब्दांत लिहिते आहे. मूळ इंग्रजीत ते याहून लहान आहे, इतकं लहान की डोळा त्याच्यावरून सहज पुढे जातो.

महाराष्ट्रात पहिलं घर घेणारा माणूस कुठे घर घेतो? शहराच्या कडेला, कारण आत परवडत नाही. ते घर नवं असतं. जमीन शेतातून एनए झालेली असते, म्हणजे काळी, नाहीतर नाला, खदान, विहीर किंवा भातखाचर बुजवून केलेली. बांधणारा लहान ठेकेदार असतो. शेजारी पुढचं काम चालू असतं आणि तिथे तळघराचा खड्डा पडलेला असतो. कोकणात किंवा घाटाच्या पायथ्याशी असेल तर प्लॉट डोंगर कापून केलेला असतो. आता हे वर्णन त्या पाच अपवादांशेजारी ठेवून पाहावं, एवढी विनंती. जमीन हलण्याची जेवढी कारणं अशा घराच्या वाट्याला येतात, त्यातली बहुतेक अपवादात जाऊन बसतात.

प्रत्येक अपवादामागे काही तर्क आहे हे मला मान्य आहे. नवं घर थोडं बसतंच, गिलाव्याला केसासारखे तडे जातातच, त्याचे पैसे कुणी मागू नयेत. पण ‘सामान्य’ म्हणजे किती मिलिमीटर? ‘नवीन’ म्हणजे किती वर्षं? पॉलिसीत यातलं काही नाही. माझं घर दावा केला तेव्हा तीन वर्षांचं होतं. दहा वर्षांच्या घराला तेच उत्तर आलं असतं का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. व्याख्या नसली की ती व्याख्या सर्व्हेअर करतो, आणि तो काही घरमालकाने नेमलेला नसतो.

भरावाचं तर मला अधिकच लागतं. भराव आहे हे कळणार कसं? वर बांधकाम झाल्यावर तो दिसत नाही. सातबाऱ्यावर तो लिहिलेला नसतो, खरेदीखतात नसतो, नोंदणीच्या इंडेक्स टू उताऱ्यात नसतो. ज्याने घातला त्याला माहीत असतं आणि तो सांगत नाही. इंग्रजांच्या काळात सारा ठरवताना शेताशेताची माती खोदून तिची खोली आणि रंग पाहिला जाई आणि त्यावरून जमिनीला आणे लावले जात. सारा घ्यायचा होता तेव्हा सरकारला माझ्या प्लॉटखालची माती ठाऊक होती. मी तिथे आयुष्यभराची कमाई ओतली तेव्हा ती माहिती कुठल्याच टेबलावर नव्हती.

आणि खोदकाम. शेजारच्या बिल्डरने आधारभिंत न घालता खड्डा खणला आणि माझी माती सरकली, तर माझा दोष काय? पॉलिसीतला शब्द खोदकाम कुणाचं हे सांगत नाही. विम्याची रीतच अशी आहे की कंपनीने आधी विमाधारकाचं नुकसान भरून द्यावं आणि मग दोषी माणसाकडून वसूल करावं. गाडीला कुणी धडक दिली तर आपण हेच करतो. घराच्या बाबतीत मात्र पगारदार माणसाने बिल्डरच्या मागे कोर्टात फिरायचं.

यात एक शब्द असाही आहे जो पॉलिसीत नाहीच. ‘खचणे’ आहे, ‘फुगणे’ नाही. माझी मागची फरशी खचलेली नाही, ती उचलली गेली आहे. जमीन खाली गेली तर विमा आणि वर आली तर नाही, असा अर्थ कुणाच्या मनात असेल असं मला वाटत नाही. पण कागदावर तो निघतो. ब्रिटनमध्ये चिकणमातीवर बांधलेल्या घरांचा हाच प्रश्न आहे. तिथे १९७१ पासून घराच्या विम्यात खचणं समाविष्ट झालं आणि पुढे फुगणं आणि घसरणं हेही त्याच्या जोडीला आलं. आज तिथल्या पॉलिसीत हे तीन शब्द एकाच दमात लिहिलेले असतात. विमाधारकाला पहिला, साधारण हजार पौंडांचा, वाटा स्वतः उचलावा लागतो आणि तसा तो मी आनंदाने उचलला असता.

कर्जाबद्दल थोडंच लिहिते, कारण ती बाजू आपल्यापेक्षा रिझर्व्ह बँकेची अधिक आहे. कर्ज मंजूर होताना माझ्याकडून ‘इन्शुरन्स’ म्हणून एक रक्कम घेतली गेली आणि कर्जातच मिळवली गेली. घराचा विमा झाला असं मी सहा महिने समजत होते. तो माझ्या जिवाचा विमा होता, मी मेले तर कर्ज फिटावं म्हणून. घराचा विमा त्याहून कितीतरी स्वस्त होता आणि तो मला नंतर स्वतः मागावा लागला. पहिल्यांदा घर घेणाऱ्या माणसाला सह्यांच्या त्या गठ्ठ्यात हा फरक कळत नाही. रक्कम कशावर काढायची हेही कुणी सांगत नाही. खरेदीच्या किमतीवर नाही, तर चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. माझं घर एकतीस लाखांचं असलं तरी पासष्ट चौरस मीटर आणि वीस हजारांचा दर धरला तर विमा तेरा लाखांचा. बाकीची किंमत जमिनीची आणि जमिनीचा विमा नसतो. दरडीत प्लॉटच गेला तर बांधकामाचे पैसे मिळतील, पण ते बांधायचं कुठे, हा प्रश्न माणसाजवळच राहतो. हेही आधी कळायला हवं.

फ्लॅट घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे पाया सगळ्यांचा असतो, एकट्याने आपल्या फ्लॅटचा विमा काढून इमारतीखालची माती सांभाळली जात नाही. सोसायटीने पूर्ण इमारतीचा विमा घेतला आहे का, एवढं विचारावं.

मला लोक विचारतात, बिल्डरला का धरत नाही? रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेतला दोष दिसला तर तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायची जबाबदारी प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची आहे. मी ती तक्रार केलेली आहे आणि ती चालू आहे. पण काळी माती पाच वर्षांचं कॅलेंडर पाळत नाही. चार-पाच ओले पावसाळे आणि मग एक कडक दुष्काळ, त्या वर्षी घर फाटतं. आणि तोवर लहान ठेकेदाराची फर्म अस्तित्वात असतेच असं नाही. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये प्रवर्तकाने जमिनीच्या हक्काचा आणि बांधकामाचा विमा काढायचा, अशी तरतूद आहे, राज्याने अधिसूचना काढली की. ती तरतूद दहा वर्षांनंतरही घरमालकाच्या हातात काही देत नाही. आपण आणि राज्य सरकार एका टेबलावर बसलात तर तिच्यात जीव येऊ शकतो.

सरकारी मदतीचीही अपेक्षा करता येत नाही. दरड कोसळली तर आपत्ती निवारण निधीतून पक्क्या घरासाठी लाख-सव्वा लाखाच्या घरात मदत मिळते. सावकाश खचणारं घर आपत्तीच्या यादीत बसतच नाही. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठला घरांना तडे गेले तेव्हा सगळा देश त्याबद्दल बोलला. आमचे तडे सुटे सुटे असतात. एक गल्ली, एक कोपरा, एक घर.

उपाय काय, हे सांगताना मी फ्रान्सचं उदाहरण देते, कारण तिथला प्रश्न आमच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. चिकणमाती आकसण्या-फुगण्याने तिथे लाखो घरं धोक्यात आहेत. दुष्काळामुळे अशी हानी झाली तर ती नैसर्गिक आपत्ती म्हणून विम्यात येते. आणि २०१८ च्या कायद्यानुसार, २०२० पासून, मध्यम किंवा जास्त धोक्याच्या पट्ट्यात बांधकामयोग्य प्लॉट विकणाऱ्याने मातीचा तपासणी अहवाल खरेदीदाराला द्यायलाच लागतो. विकणाऱ्याने द्यायचा. घेणाऱ्याने शोधत फिरायचं नाही.

आपल्याकडे ही तपासणी अवघड आहे का? मुळीच नाही. भारतीय मानक आयएस २७२० च्या भाग ४० मध्ये ती दिली आहे आणि मी ती शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना करून दाखवली. बारीक चाळलेली कोरडी माती दहा दहा ग्रॅम घ्यायची, शंभर मिलिलिटरच्या दोन मापनपात्रांत टाकायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीची उंची पाहायची. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि दोन्हींतला फरक म्हणजे तिचा स्वभाव. माझ्या अंगणातली माती पाण्यात रॉकेलच्या दुप्पट झाली. मातीच्या वर्गीकरणाच्या मानकात, आयएस १४९८ मध्ये, हा आकडा धोक्याच्या पायरीवर आहे. दोन काचेची पात्रं आणि एक रात्र, एवढ्यात जे कळतं ते कळायला मला तीन वर्षं आणि एक फाटकी भिंत लागली. मी भूगोलाची शिक्षिका असून वर्गात सांगते ते घर घेताना वापरलं नाही, याची खंत मला आहेच.

म्हणून माझ्या मागण्या सांगते. पॉलिसीत खचण्याच्या जोडीला फुगणं हा शब्द घालावा. ‘सामान्य तडे’ म्हणजे किती रुंदीचे आणि ‘नवीन बांधकाम’ म्हणजे किती वर्षांचं, हे आकड्यांत लिहावं. भरावाचा अपवाद विमाधारकाला भराव असल्याचं माहीत होतं तेव्हाच लागू व्हावा आणि ते सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असावी. दुसऱ्याच्या जागेतल्या खोदकामाने झालेलं नुकसान कंपनीने आधी भरावं. आणि काळ्या मातीच्या पट्ट्यासाठी जादा हप्ता घेऊन मिळणारं एक वेगळं संरक्षण तयार करावं. मातीचा अहवाल चांगला आणि पाया मुरमापर्यंत असेल त्याला हप्ता कमी, नसेल त्याला जास्त. असा हप्ता ठरू लागला की बिल्डरसुद्धा पाया खाली नेतील, हा मला त्यातला सर्वांत मोठा फायदा वाटतो. जो घर विकायला काढतो त्याच्याकडे गिऱ्हाइकाने आधी मातीचा कागद मागितला पाहिजे.

सगळ्यांत सोपी मागणी शेवटी ठेवली आहे. आरोग्य विम्यासाठी आपण १ जानेवारी २०२४ पासून ग्राहक माहिती पत्रकाचा सोपा नमुना आणला आणि ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायला लावलं. माझ्या आईच्या आरोग्य विम्याचं पत्रक मी मराठीत मागून घेतलं, तिने ते चष्मा लावून स्वतः वाचलं आणि दोन शंका विचारल्या. घराच्या विम्याचं पत्रकही असंच मराठीत, एका पानाचं असावं, न मागता मिळणारं, कर्जाचा पहिला हप्ता सुटण्याच्या आधी हातात पडणारं. त्यावर जमिनीच्या हालचालीचे हे पाच अपवाद मोठ्या अक्षरात असावेत आणि त्याखाली सही घ्यावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. एक परिपत्रक पुरतं.

नाकारलेल्या दाव्याविरुद्ध मी विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज केला आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, हे मी माझ्या गल्लीतल्या चार घरांना सांगितलं आहे, कारण त्यांच्याही भिंतीत तडे आहेत. दरम्यान अभियंत्याच्या सांगण्यावरून मी तड्यावर काचेच्या तीन पट्ट्या प्लास्टरने आडव्या बसवल्या आहेत. भिंत हलली की काच तडकते. त्यांच्या शेजारी पेन्सिलीने तारीख लिहून ठेवते. ६ मार्चला बसवलेली सगळ्यात वरची पट्टी २९ एप्रिलला तडकली. मधली अजून अखंड आहे.

या नोंदी, मातीच्या चाचणीचे आकडे आणि पायाचे फोटो आपल्या कार्यालयाला हवे असतील तर मी पाठवीन. उत्तर मराठीत आलं तर ते मी ले-आउटच्या फलकावर लावीन.

आपली विश्वासू,
अकोल्यातील एक शिक्षिका आणि घरमालकीण